नकार नेमका कोणाचा?

व्हर्च्युअल मशीन सुरू झालं नाही की खापर सर्वांत आधी संगणकाच्या वयावर फुटतं. विंडोजच्या आत लिनक्स चालवायचं असतं, किंवा नव्या विंडोजच्या आत जुनं एक्सपी. त्यासाठीचं सॉफ्टवेअर व्हर्च्युअलबॉक्स उतरवून घेतलेलं असतं, मेमरी आणि डिस्कचे आकडे भरून झालेले असतात, ‘स्टार्ट’ दाबलं जातं, आणि खिडकी उघडायच्या ऐवजी एक चौकोन समोर येतो. मशीनचं सेशन उघडता आलं नाही, एवढं त्यात ठळक असतं. खाली एक लांबलचक कोड असतो, तो कुणी वाचत नाही. ‘हे मशीन कधी घेतलेलं?’ असा प्रश्न येतो आणि साल ऐकताच निकाल लागतो. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या सत्तरीच्या माणसाला ‘वयोमानानुसार चालायचंच’ असं सांगून परत पाठवणाऱ्या डॉक्टरच्या जातीचा हा निकाल आहे. न दुखणारा दुसरा गुडघाही तेवढ्याच वयाचा असतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. संगणकाचं वय म्हणजे निव्वळ गेलेला काळ. काळ कुठलाही प्रोग्राम अडवत नाही. अडवणारं ठिकाण दर वेळी ठरावीक असतं: प्रोसेसर, बायोस, आधीच चालू असलेलं दुसरं सॉफ्टवेअर, व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती, किंवा आत चालवायची ती सिस्टिमच. या ठिकाणांची छाननी केली तर बहुतेक वेळा असं दिसतं की नकारामागे झीज नसून कुणीतरी कधीतरी घेतलेला निर्णय आहे, आणि त्यांतले बरेचसे निर्णय आजही फिरवता येतात.

आधी इतिहास बघावा, कारण ‘जुन्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन चालत नाही’ हे वाक्य इतिहासाच्या थेट उलट आहे. एका यंत्रात अनेक यंत्रांचा भास निर्माण करण्याची कल्पना आयबीएमने १९६० च्या दशकात केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या आपल्या केंद्रात आकाराला आणली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने गिऱ्हाइकांना दिली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एका शोधनिबंधात यासाठी प्रोसेसर कसा असावा लागतो ते नेमकं मांडलं. त्यांची मूळ अट समजायला कठीण नाही. यंत्राच्या मूळ स्थितीला हात लावणारा किंवा ती उघड करणारा कोणताही आदेश आतल्या सिस्टिमने दिला, तर प्रोसेसरने तिथेच थांबून सूत्रं बाहेरच्या नियंत्रक प्रोग्रामकडे सोपवली पाहिजेत. इंटेलचे एक्स८६ घराण्यातले प्रोसेसर ही अट पाळत नव्हते. २००० साली जॉन रॉबिन आणि सिंथिया आयर्विन यांनी पेंटियमचे सगळे आदेश तपासून त्यांतले १७ आदेश अट मोडतात असं दाखवलं. ‘पॉपएफ’ हा त्यांतला प्रसिद्ध गुन्हेगार. अधिकार नसलेल्या प्रोग्रामने त्याच्या साहाय्याने इंटरप्ट बंद करू पाहिले, तर प्रोसेसर ना आदेश पाळतो, ना तक्रार करतो. गप्प बसून पुढे जातो. आतल्या सिस्टिमला वाटतं इंटरप्ट बंद झाले, आणि बाहेरच्या नियंत्रकाला काही घडल्याचा पत्ताच लागत नाही.

तरीही १९९९ साली व्हीएमवेअरने याच प्रोसेसरांवर व्हर्च्युअल मशीन चालवून दाखवलं. आतल्या सिस्टिमचे अडचणीचे आदेश चालू असतानाच शोधायचे आणि त्यांच्या जागी निरुपद्रवी आदेश बसवायचे, अशी ती युक्ती होती. म्हणजे आज ज्याला आपण म्युझियममध्ये ठेवू त्या पेंटियम-२ वर हे काम होत होतं, प्रोसेसरची कसलीही खास मदत नसताना. ती मदत नंतर आली. इंटेलने व्हीटी-एक्स नोव्हेंबर २००५ मध्ये पेंटियम-४ च्या दोन मॉडेलांत दिलं, एएमडीने एएमडी-व्ही २००६ मध्ये. त्यामुळे नियंत्रक प्रोग्राम लिहिणं सोपं झालं, ६४ बिटच्या सिस्टिम आत चालवणं सुकर झालं, आणि हळूहळू जुन्या युक्तीचा कोड सांभाळायचा कंटाळा यायला लागला. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या व्हर्च्युअलबॉक्स ६.० ने ३२ बिटच्या होस्टला (म्हणजे बाहेरच्या सिस्टिमला) निरोप दिला. डिसेंबर २०१९ च्या ६.१ ने प्रोसेसरच्या मदतीशिवाय चालण्याची सोयच काढून टाकली. व्हीएमवेअर वर्कस्टेशनच्या २०१७ मधल्या चौदाव्या आवृत्तीने तर व्हीटी-एक्स असलेले पण त्यातल्या नंतरच्या सुधारणा नसलेले प्रोसेसरही नाकारले. आता असा संगणक डोळ्यांपुढे आणा, ज्यावर व्हर्च्युअलबॉक्स ६.० मध्ये ३२ बिटचं लिनक्स सावकाश का होईना चालत होतं. मालकाने ६.१ चढवलं आणि ‘व्हीटी-एक्स इज नॉट अव्हेलेबल’ असा संदेश आला. अपडेट चढायला लागलेल्या पाच-दहा मिनिटांत त्या मशीनचं वय काही फार वाढलं नव्हतं.

इथे सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. दुहेरी कोड सांभाळणं म्हणजे दुप्पट चाचण्या, दुप्पट चुका, सुरक्षेची दुप्पट भोकं. ते सुद्धा दिवसेंदिवस घटत जाणाऱ्या मशीनांसाठी. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ गाभा फुकट मिळतो, मग कुणाकडून किती काळ काय अपेक्षा करायची? मला हा युक्तिवाद पटतो. १४ वर्षं हा पुरेसा अवधी आहे आणि निर्णय चुकीचा होता असं माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की तो निर्णय होता. निर्णय म्हटलं की त्याला तारीख असते, आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि त्याच्या मागे जाता येतं. जुनी आवृत्ती अजून उतरवून घेता येते. ती वापरली तर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, म्हणून तिच्यातल्या मशीनला नेटवर्क जोडू नये, ही त्याची किंमत. किंमत माहीत असली की माणूस हिशेब करू शकतो. ‘मशीन जुनं झालं’ या निदानात हिशेबाला जागाच उरत नाही.

प्रोसेसरमध्येच सोय नसेल तर काय, हा पुढचा आक्षेप. तिथे तरी वयाला दोष द्यायला हवा ना? काही अंशी हो. २००४ च्या पेंटियममध्ये व्हीटी-एक्स शोधून सापडणार नाही. पण २००६ नंतरच्या प्रोसेसरांची यादी काढली की वयाचा धागा तुटतो. २००६ च्या कोअर टू ड्युओ ई६३०० मध्ये व्हीटी-एक्स होतं. दोन वर्षांनी आलेल्या ई७४०० च्या सुरुवातीच्या नगांत नव्हतं. २००८ मध्ये छोट्या नेटबुकांतून घरोघरी गेलेल्या अ‍ॅटम एन२७० मध्येही नव्हतं. पेंटियम ई५३०० आणि ई५४०० ची तर मजाच आहे: एकाच नावाखाली दोन प्रकारचे नग विकले गेले, काहींत सोय आहे, काहींत नाही, आणि बाहेरून बघता फरक फक्त धातूच्या टोपीवर कोरलेल्या बारीक कोडवरून कळतो. थोरल्या प्रोसेसरात जे द्यायचं ते धाकट्यात द्यायचं नाही, म्हणजे थोरल्याला गिऱ्हाईक मिळतं. दुकानदारीचं हे जुनं गणित. त्यात गैर काही नाही, पण त्याला म्हातारपण म्हणणं हा निव्वळ गैरसमज आहे. सोय नसलेला प्रोसेसर नवा कोरा असतानाही तसाच होता.

या संदर्भात विंडोज ७ मधल्या एक्सपी मोडचं उदाहरण फार बोलकं आहे. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ च्या प्रोफेशनल आणि त्यावरच्या आवृत्त्यांसाठी एक तयार व्हर्च्युअल एक्सपी दिलं. ऑक्टोबर २००९ मध्ये ते आलं तेव्हा प्रोसेसरमध्ये व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही असणं सक्तीचं होतं. ज्यांना जुने प्रोग्राम चालवायचे होते त्यांच्याकडे बऱ्याचदा मशीनही जुनंच, त्यामुळे जिथे गरज तिथेच नकार, असा प्रकार झाला. मार्च २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक अपडेट काढून ती अट रद्द केली. जी मशीनं फेब्रुवारीत ‘असमर्थ’ होती ती एप्रिलमध्ये समर्थ झाली, एकाही स्क्रूला हात न लावता. यंत्राची क्षमता म्हणून जे आपल्याला सांगितलं जातं त्यात धोरणाचा वाटा किती असतो, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही.

सर्वाधिक वेळा मात्र नकार बायोसमधून येतो, आणि जुन्या संगणकांच्या बाबतीत खरी गंमत इथेच आहे. व्हीटी-एक्स वापरता येईल की नाही हे इंटेलच्या प्रोसेसरमधल्या एका छोट्या नोंदीवर ठरतं. संगणक सुरू होताना बायोस त्या नोंदीत ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहितो आणि लगेच तिथेच कुलूपही लावतो. एकदा कुलूप लागलं की संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत विंडोज, लिनक्स, प्रशासकाचा पासवर्ड, काहीही ते उघडू शकत नाही. म्हणून विंडोजमध्ये बसून कितीही खटपट केली तरी ‘व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस’ हा संदेश हलत नाही. कित्येक कंपन्यांनी ही सोय बंद ठेवूनच मशीनं विकली. त्यामागे भीतीही होती: ऑगस्ट २००६ मध्ये योआना रुटकोव्स्का या पोलिश संशोधिकेने लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत ‘ब्लू पिल’ दाखवलं होतं. एखादा घुसखोर प्रोग्राम प्रोसेसरच्या अशा सोयीचा वापर करून चालू सिस्टिमला तिच्या नकळत व्हर्च्युअल मशीनमध्ये कोंडू शकतो, असं तिचं प्रात्यक्षिक होतं. त्या काळात व्हर्च्युअल मशीन वापरणारी माणसं मूठभर, तेव्हा बंद ठेवणं शहाणपणाचं वाटलं असेल तर नवल नाही. पण काही लॅपटॉपांत ते चालू करण्याचा पर्यायच बायोसमध्ये दिला नव्हता, हे मात्र अति झालं. प्रोसेसरमध्ये सोय आहे, तिचे पैसे मालकाने मोजलेत, आणि किल्ली त्याच्याकडे नाही.

पर्याय असतो तिथेही तो सहज सापडत नाही. कुठे तो प्रोसेसरच्या पानावर, कुठे चिपसेटच्या, कुठे चक्क सुरक्षेच्या. एएमडीच्या बोर्डांवर ‘एसव्हीएम मोड’ या नावाखाली. सापडला, चालू केला, जतन करून बाहेर पडलं, तरी संदेश तसाच, असंही घडतं, कारण काही जुने बोर्ड नुसत्या रीस्टार्टने हा बदल मनावर घेत नाहीत. वीज पूर्ण बंद करून, दहा-पंधरा सेकंद थांबून परत चालू करावं लागतं. आणि मग जुन्या संगणकांचं ते खास दुखणं, ज्याची दखल कुणी घेत नाही. आज सगळं चाललं, रात्री घरातला किंवा ऑफिसमधला मेन स्विच बंद झाला, सकाळी पुन्हा तोच नकार. माणूस म्हणतो, मशीन आता लहरी झालं. वास्तविक बायोसची निवड लक्षात ठेवायला मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी असते. भिंतीतून वीज येत असते तोवर तिची गरज पडत नाही. ती संपली असेल तर वीज तुटताच बायोस मूळ पदावर येतो, आणि मूळ पद म्हणजे व्हीटी-एक्स बंद. ओळखायची खूण सोपी: संगणकाचं घड्याळही त्याच सकाळी कितीतरी वर्षं मागे गेलेलं असतं. ज्या गावांत भारनियमन नेमाने होतं तिथे हा प्रकार जास्त दिसणं स्वाभाविक आहे. इथे काहीतरी म्हातारं झालं आहे हे मान्य. पण ते संगणक नव्हे, घड्याळाच्या दुकानात मिळणारी एक बॅटरी आहे.

आता याच्या नेमकी उलट बाजू. तोच संदेश, ‘व्हीटी-एक्स इज नॉट अव्हेलेबल’, गेल्या वर्षी घेतलेल्या लॅपटॉपवरही येऊ शकतो. तिथे सोय आहे, बायोसने दिलेली आहे, पण दुसऱ्या कुणीतरी ती आधीच ताब्यात घेतली आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं नियंत्रक सॉफ्टवेअर हायपर-व्ही अनेक वाटांनी आत येतं: विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल-२ घेतलं की येतं, डॉकर घेतलं की येतं, आणि ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे सुरक्षेचं बटण चालू असलं तरी येतं. ते आलं की खुद्द विंडोजच त्याच्या वर बसून चालतं आणि बाकीच्यांना प्रोसेसरची मदत थेट मिळत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या जुन्या आवृत्त्या तिथे हात टेकतात. नव्या आवृत्त्या हायपर-व्हीच्याच आधाराने कशाबशा चालतात आणि खिडकीच्या तळाशी एक हिरवं कासव दाखवतात. (कासव कुणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही, पण त्याच्याइतका प्रामाणिक संदेश संगणकात क्वचितच दिसतो.) लिनक्सवरही अलीकडे हे सुरू झालं आहे. ६.१२ या कर्नलपासून केव्हीएमचा (लिनक्सच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन सोयीचा) भाग नुसता लोड झाला तरी व्हर्च्युअलायझेशनचा ताबा घेतो, एकही मशीन चालू नसताना. आणि काल चालणारं व्हर्च्युअलबॉक्स आज अडू शकतं. केव्हीएमचा भाग काढून टाकला की पुन्हा चालतं. म्हणजे तोच संदेश जुन्या मशीनवर आला तर ‘जुनं आहे’ आणि नव्यावर आला तर ‘बिघडलं आहे’. दोन्ही निदानं तितकीच पोकळ.

या पोकळ निदानाचा तोटा फक्त तात्त्विक नाही. नकार कोणाचा हे न पाहता माणूस मिळेल तो तोडगा चालवत सुटतो. कुणीतरी सांगितलेला आदेश कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत चिकटवून हायपर-व्ही बंद करतो, ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करतो, आणि मूळ कारण बायोसमध्ये असल्याने मशीन तरीही सुरू होत नाही. मग त्या बंद केलेल्या गोष्टी बंदच राहतात. सुरक्षेची एक भिंत फुकट पाडली गेली आणि डब्ल्यूएसएल का चालेना याचं कोडं महिनाभराने नव्याने सुरू होतं. वास्तविक विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये, परफॉर्मन्सच्या पानावर, प्रोसेसरच्या आलेखाखाली व्हर्च्युअलायझेशन चालू आहे की बंद ते एका शब्दात लिहिलेलं असतं. लिनक्सच्या नोंदवहीत ‘केव्हीएम: डिसेबल्ड बाय बायोस’ अशी ओळ स्वच्छ सापडते. तिथे ‘बंद’ दिसलं तर बायोसकडे जायचं. ‘चालू’ दिसूनही नकार असेल तर ताबेदार शोधायचा. पहिला फाटा इतका सरळ आहे.

पाचवा नकार आतून येतो, गेस्ट सिस्टिमकडून, आणि तो बऱ्याचदा होस्टच्या माथी मारला जातो. काळ्या पडद्यावर ओळ येते की या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर हवा, पण इथे आय६८६ च सापडला. खिडकी उघडली आहे, मशीन सुरू झालं आहे, व्हर्च्युअलबॉक्सची काही तक्रार नाही. ६४ बिटची सीडी ३२ बिटच्या मशीनमध्ये घातली गेली, एवढंच. व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत ६४ बिटचे पर्यायच दिसत नसतील तर पुन्हा बायोसकडेच बोट जातं. ‘पीएई’ नाही अशी कुरकुर ३२ बिटचं लिनक्स करतं, तेव्हा सेटिंगमधल्या एका चौकटीत खूण करून काम भागतं. याहून फसवा प्रकार अलीकडचा आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ आणि त्याच्या भावंडांनी २०२२ पासून प्रोसेसरची किमान पायरी वर नेली. साधारण २००८ च्या अखेरीस आलेल्या इंटेलच्या पिढीत जे आदेश आले ते असलेच पाहिजेत. नसतील तर सिस्टिम पहिल्या पावलालाच कोसळते आणि प्रोसेसर एक्स८६-६४-व्ही२ ला साजेसा नाही असं सांगते. हे वाचून माणूस मशीन भंगारात काढायला निघतो. पण केव्हीएमवर आधारलेल्या कित्येक व्यवस्थांमध्ये गेस्टला दाखवला जाणारा प्रोसेसर खरा नसतो; सगळीकडे चालावा म्हणून मुद्दाम गरीब ठेवलेला एक काल्पनिक नमुना असतो. खऱ्या प्रोसेसरमध्ये ते आदेश असतात, गेस्टला दिसू दिलेले नसतात. नमुना बदलून ‘होस्ट’ केला की गाडी रुळावर.

गेस्टच जुना असेल तर चित्र आणखी उलटतं. विंडोज ९५ ला एएमडीच्या के६-२ च्या ३५० मेगाहर्ट्‌झ आणि त्यावरच्या मॉडेलांवर सुरू होताना झटका यायचा, कारण सुरुवातीच्या एका वेळ मोजणाऱ्या चक्राला प्रोसेसर इतका वेगवान निघेल याची कल्पना नव्हती. मोजलेला वेळ शून्य आला आणि शून्याने भागाकार झाला. संगणक फार नवा असणं हेच तिथे दुखणं. एक्सपीला साटा डिस्क ओळखता येत नाही, म्हणून व्हर्च्युअल मशीनमध्ये डिस्क साटा कंट्रोलरला जोडली की इन्स्टॉल करताना ‘हार्ड डिस्क सापडली नाही’ असं ते सांगतं, आणि खऱ्या संगणकावरून उचलून आणलेलं एक्सपी निळा पडदा दाखवून शेवटी ७बी लिहितं. डिस्क आयडीई कंट्रोलरला जोडली की बहुधा उठून बसतं. होस्ट तरुण, गेस्ट म्हातारा, आणि भांडण जोडणीचं.

खरी झीज असते, ती नाकारून चालणार नाही. रॅमच्या कांड्या बिघडतात, हार्ड डिस्कवर खराब जागा वाढतात, पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापतो. अशा मशीनवर व्हर्च्युअल मशीन मध्येच कोसळेल, दर वेळी वेगळ्या जागी. झीज आणि निर्णय यांतला फरक ओळखायला हाच धागा पुरतो: निर्णयाचा नकार रोज त्याच शब्दांत, त्याच जागी येतो, झीज रोज नवं सोंग घेते. दोन जीबी रॅमच्या संगणकात दोन जीबीचं गेस्ट बसवायचा हट्ट किंवा फॅट३२ डिस्कवर चार जीबीची सीमा ओलांडू पाहणारी फाइल, या गोष्टी तर साध्या बेरजेच्या आहेत, त्यांच्यावर शब्द खर्च करायला नकोत.

एवढा उपद्व्याप कशाला, हा शेवटचा आणि सर्वांत व्यावहारिक आक्षेप. सेकंडहँड बाजारात बऱ्यापैकी संगणक मिळतो, क्लाउडवर तासाच्या भाड्याने मशीन मिळतं. माणसाच्या वेळेला मोल आहे की नाही? आहे. ज्याला आज नव्याने काही शिकायचं आहे, ज्याचं जुन्यावाचून अडत नाही, त्याने अर्धा दिवस शोध घेऊन सुटलं नाही तर खुशाल दुसरं मशीन घ्यावं. पण बायोसमधलं बटण बंद आहे म्हणून कुणी नवा संगणक विकत घेत असेल, तर तो पैशाने निदान विकत घेत आहे, आणि नव्या मशीनवर हायपर-व्ही आडवं आलं की ते निदानही हातात राहत नाही. शिवाय काही कामं अशी असतात की ती क्लाउडवर ढकलता येत नाहीत. मराठी छपाईचंच घ्या. युनिकोड रुळण्याआधीची कितीतरी पुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक पेजमेकरमध्ये जुळवले गेले, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टांत, ज्यांची अक्षरांची सांकेतिक मांडणी प्रत्येकाची स्वतंत्र होती. तो फॉन्ट आणि तो प्रोग्राम नसेल तर आजच्या संगणकावर त्या फाइलींतला मजकूर रोमन अक्षरांचा काला दिसतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला संपवला. अशा फाइली उघडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ते सगळं जसं होतं तसं एका व्हर्च्युअल एक्सपीत ठेवणं, नेट न जोडता. त्याला फार दणकट मशीन लागत नाही. ज्या डीटीपी केंद्रात त्या फाइली आहेत तिथला दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉपही पुरेल, जर त्याच्या नकाराचं कारण कुणी वाचलं तर.

सामान्य माणसाने हे सगळं का शिकावं, असं कुणी विचारेल तर उत्तर देणं अवघड आहे. शिकायची वेळ येऊ नये हेच खरं. संदेशातच नकार देणाऱ्याचं नाव आणि पुढची पायरी मराठीत लिहिलेली असती तर या लेखाची गरज पडली नसती. तशी सोय होईपर्यंत तो लांबलचक कोड वाचणं, निदान मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवणं, एवढं तरी करायला हवं. कारण ‘व्हर्च्युअलबॉक्स चालत नाही’ असं सांगणाऱ्याला जगातला कुठलाही तज्ज्ञ मदत करू शकत नाही आणि कोड सांगणाऱ्याला बहुधा कुणीही करू शकतो.

ज्या प्रकाशकांकडे, छापखान्यांकडे, ग्रंथालयांकडे असं एखादं एक्सपीचं मशीन अजून चालू स्थितीत कोपऱ्यात उभं आहे, त्यांना एक विनंती. व्हर्च्युअल मशीन पुढेमागे कधीही उभं करता येईल, त्याचे नकार सोडवता येतील. त्या मशीनमधली हार्ड डिस्क बंद पडली तर मात्र सोडवायला काही उरणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या डिस्क२व्हीएचडी या फुकट मिळणाऱ्या छोट्या प्रोग्रामने चालू मशीनच्या अख्ख्या डिस्कची व्हर्च्युअल प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेता येते. जुन्या एक्सपीवर चालेल अशी त्याची जुनी आवृत्ती लागेल, बाहेरची डिस्क एनटीएफएस केलेली हवी, आणि सॉफ्टवेअरला डोंगल असेल तर तो त्याच डब्यात जपून ठेवायला हवा. ही प्रत या आठवड्यातच घ्या.